शिक्का आणि मोर्तब

आपल्या वर्तमानपत्रांत राष्ट्रपतीविषयीं दोन शब्द वारंवार येतात, आणि पुष्कळदां ते एकाच अंकांत येतात. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत छापलेलें असतें कीं, अमुक विधेयकावर राष्ट्रपतींचें शिक्कामोर्तब झालें. आणि आंतल्या पानावर कोणी राजकीय पंडित तेंच पद ‘रबरी शिक्का’ म्हणून निकालांत काढीत असतो. पहिल्या शब्दांत गांभीर्य आहे, दुसऱ्यांत तुच्छता आहे. वाचणारा दोन्ही शब्द सारख्याच निमूटपणें वाचतो आणि चहाचा पेला खालीं ठेवतांना बहुधा दुसऱ्या मताकडे झुकतो. कारण तुच्छतेंत शहाणपणाचा भास असतो. राष्ट्राच्या धोरणावर राष्ट्रपतीची सत्ता खरोखर किती, हा प्रश्न अशा रीतीनें एका उपमेनें परस्पर सोडविला जातो. उपमेनें प्रश्न सुटूं लागले म्हणजे टीकाकारानें जागें व्हावें. काव्यांतील उपमा कोठें जुळते व कोठें तुटते हें आपण जसें पाहतों, तशीच या राजकीय उपमेची परीक्षा करावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम शब्दच घेऊं. ‘शिक्कामोर्तब’ हा आज एक शब्द झाला असला तरी मुळांत त्यांत दोन वस्तु आहेत. मराठेशाहींतील जुनीं पत्रें ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांस ठाऊक आहे कीं, पत्राच्या शिरोभागीं मोठी मुद्रा असे आणि मजकूर संपला म्हणजे अखेरीस एक लहान मुद्रा उठवीत. वरचा तो शिक्का, खालचें तें मोर्तब. पत्र कोणाच्या नांवानें निघालें हें शिक्क्यावरून कळे. मोर्तबाचें काम निराळें होतें. मजकूर येथें संपला, याखालीं आतां कोणीं एक अक्षरहि वाढवूं नये, असें ती लहानशी मुद्रा बजावी. म्हणूनच शिवाजी महाराजांच्या मोर्तबांत मर्यादेचा उल्लेख कोरलेला होता. नांव देणें आणि मर्यादा घालणें हीं दोन कामें आमच्या पूर्वजांनीं अशीं वेगळीं ओळखिलीं होतीं. आजच्या वादांतील बराचसा गोंधळ हीं दोन कामें एकच मानल्यामुळें झालेला आहे.

घटनेचा मसुदा ४ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटनासमितीपुढें मांडतांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनींहि मुद्रेचीच उपमा दिली होती. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा कीं, आपल्या राष्ट्रपतीचें स्थान अमेरिकेच्या अध्यक्षासारखें नसून इंग्लंडच्या राजासारखें आहे. तो राज्याचा प्रमुख आहे, कारभाराचा नव्हे. राष्ट्राचे निर्णय ज्या मुद्रेनें जाहीर होतात तिच्यासारखा तो आहे. या उपमेंत रबर नव्हतें. तें मागाहून लोकांनीं लाविलें. हा फरक क्षुल्लक नाहीं. रबरी शिक्का कचेरींतल्या टेबलावर पडलेला असतो. ज्याच्या हातीं लागेल तो कारकून कोणत्याहि कागदावर तो उठवूं शकतो. राजमुद्रा कोणाच्या तरी स्वाधीन असते, आणि ज्याच्या स्वाधीन ती असते त्यास कागद वाचावा लागतो. डॉ. आंबेडकरांची उपमा पदाची मर्यादा सांगते. लोकांची उपमा पदाची जबाबदारीच नाहींशी करते.

नांव एकाचें आणि धोरण दुसऱ्याचें, ही व्यवस्था आम्हां वऱ्हाडकरांस पुस्तकांतून शिकण्याचें कारण नाहीं. बुलढाणा जिल्ह्याच्या इतिहासांत तिचीं दोन्ही टोंकें सांपडतात. सिंदखेडराजा तालुक्यांतील साखरखेर्डा येथें १७२४ सालच्या ऑक्टोबरांत निजाम-उल्-मुल्कानें मुबारिझखानाचा पराभव केला. मुबारिझखानास दिल्लीच्या बादशहाचीच फूस होती. तो रणांत पडला, आणि पुढच्याच वर्षीं त्याच बादशहानें निजामास ‘आसफजाह’ ही पदवी देऊन घडलें तें गोड मानून घेतलें. निजाम पुढेंहि बादशहाचें नांव घेत राहिला, त्याच्याच नांवाचीं नाणीं पाडीत राहिला. धोरण मात्र दिल्लीस विचारून ठरेनासें झालें. सव्वाशे वर्षांनीं काळानें तोच डाव निजामाच्या वंशजांवर उलटविला. १८५३ च्या तहान्वयें वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, आणि १९०२ सालीं लॉर्ड कर्झननें सालीना २५ लाख रुपयांवर तो मुलूख कायमच्या पट्ट्यानें घेतला. निजामाचें सार्वभौमत्व तेवढें कागदावर शाबूत ठेविलें. १९३६ च्या करारानें तर त्याच्या युवराजास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ अशी पदवी मिळाली आणि इंग्रजी निशाणाशेजारीं निजामाचें निशाण वऱ्हाडांत लावण्याचें ठरलें. माझे आजोबा त्या वेळीं मेहकराकडे शाळामास्तर होते. मुलें विचारीत, ‘मास्तर, आपला राजा यांतला कोणता?’ आजोबा म्हणत, ‘ज्याच्या तिजोरींत सारा भरतां तो.’

हें उत्तर मुलांपुरतें ठीक होतें. परंतु निजामाच्या नांवाला वऱ्हाडांत किंमत नव्हती, ती केवळ सारा दुसऱ्याच्या तिजोरींत जात होता म्हणून नव्हे. साऱ्याचा आकार ठरतांना, रस्त्यांचा व शाळांचा खर्च ठरतांना त्यास प्रश्न विचारण्याचा अधिकार नव्हता. आणि त्यानें विचारलेंच, तर उत्तर देण्यास कोणी बांधलेला नव्हता. १९२३ सालीं निजाम उस्मान अली खान यानें वऱ्हाड परत मागितलें, तेव्हां १९२६ सालीं लॉर्ड रेडिंगकडून त्यास खडसावणीचें उत्तर आलें. नांवाच्या सत्तेची कसोटी येथें आपल्या हातीं येते. कागद कोणाच्या नांवानें निघतो हें पाहून भागत नाहीं. प्रश्न कोण विचारूं शकतो, आणि उत्तर देण्यास कोण बांधलेला आहे, हें पाहावें लागतें.

आतां ही कसोटी घटनेला लावून पाहूं. ५३ व्या कलमानें संघराज्याची कार्यकारी सत्ता राष्ट्रपतीच्या ठायीं आहे; सैन्याचें सर्वोच्च आधिपत्यहि त्याच्याकडेच आहे. एवढेंच वाचणाऱ्यास वाटेल कीं, हा तर चक्रवर्ती! ७४ वें कलम उघडलें कीं चक्रवर्ती अंतर्धान पावतो. राष्ट्रपतीनें मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानुसारच वागावें, असें १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीनें स्पष्ट लिहिलें गेलें. आणि त्यापूर्वींच, १९७४ सालीं, समशेरसिंग यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें तोच अर्थ सांगितला होता. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीनें मात्र एक बारीकशी वाट मोकळी केली. आलेला सल्ला फेरविचारासाठीं एकदां परत पाठवितां येतो. फेरविचारानंतर जो सल्ला येईल तो मानलाच पाहिजे. १११ व्या कलमान्वयें धनविधेयकाखेरीज इतर विधेयकहि असेंच एकदां संसदेकडे परत जाऊं शकतें. आणि ७८ व्या कलमान्वयें मंत्रिमंडळाचे निर्णय राष्ट्रपतीस कळविणें व त्यानें मागितलेली माहिती पुरविणें हें पंतप्रधानाचें कर्तव्य आहे. निजामास जें नव्हतें तें राष्ट्रपतीस आहे: विचारण्याचा अधिकार, आणि समोरच्यावर उत्तराचें बंधन. बॅजट या इंग्रज ग्रंथकारानें १८६७ सालीं राजाचे हक्क मोजले ते तीन: सल्लामसलतींत घेतलें जाण्याचा, उत्तेजन देण्याचा आणि इशारा देण्याचा. त्यांतला इशारा आमच्या घटनेनें कलमांत बसविला, एवढें म्हणतां येईल.

मी अनेक वर्षें वर्गांत हीं कलमें समजावून देत असें आणि शेवटीं ‘धोरणावरील सत्ता: शून्य’ असें फळ्यावर लिहून खडू खालीं ठेवीत असें. एकदां मोताळ्याकडून येणाऱ्या एका विद्यार्थिनीनें उठून विचारलें, ‘सर, सहीला किंमतच नसेल, तर त्या रात्रीं ती घ्यायची इतकी घाई कां केली?’ ती २५ जून १९७५ च्या रात्रीविषयीं बोलत होती. मजजवळ त्या वेळीं उत्तर नव्हतें. घंटा झाली, आणि मीं ती झाली म्हणून मनांतल्या मनांत आभार मानले.

त्या रात्रीं फक्रुद्दीन अली अहमद यांनीं आणीबाणीच्या घोषणेवर सही केली तेव्हां मंत्रिमंडळाची बैठक झालेली नव्हती. ती दुसऱ्या दिवशीं सकाळीं झाली आणि होऊन गेलेल्या गोष्टीस तिनें होकार दिला. राष्ट्रपतीनें एवढेंच विचारलें असतें कीं, मंत्रिमंडळाचा ठराव कोठें आहे, तर आणीबाणी टळली असती असें मी म्हणत नाहीं. बहुधा तांतडीनें ठराव करून सही घेतली गेली असती. परंतु मग मंत्र्यांस घडण्यापूर्वीं होय किंवा नाहीं म्हणावें लागलें असतें, घडल्यानंतर मान हलवून सुटतां आलें नसतें. पुढें ४४ व्या दुरुस्तीनें आणीबाणीच्या घोषणेसाठीं मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय आवश्यक केला. राष्ट्रपतीनें न विचारलेला प्रश्न तीन वर्षांनीं कायद्यास विचारावा लागला, तो असा. त्या विद्यार्थिनीचें म्हणणें खरें होतें. शिक्का तेवढा हवा होता आणि मोर्तब नको होतें, म्हणूनच ती घाई होती.

याच्या उलट टोंकाला डॉ. राजेंद्रप्रसाद दिसतात. १९५१ सालीं हिंदु कोड बिलासंबंधीं त्यांनीं पंडित नेहरूंस कळविलें कीं, या बाबतींत आपण स्वतःच्या विचारानें वागूं इच्छितों. कायदेपंडितांनीं तो अधिकार त्यांस नाहीं असा अभिप्राय दिला. पुढें १९५५ व १९५६ सालीं ते सुधारणेचे चार कायदे संमत झाले आणि त्यांवर त्यांनींच सह्या केल्या. हा प्रश्न त्यांच्या मनांतून गेला नव्हता. २८ नोव्हेंबर १९६० च्या भाषणांतहि त्यांनीं राष्ट्रपतीच्या अधिकारांचा अभ्यास व्हावा असें सुचविलें. त्यांची सचोटी निःसंशय होती. तरीहि १९५१ सालीं त्यांनीं जें मागितलें तें मोर्तब नव्हतें, तर मजकूर बदलण्याचा हक्क होता. आणि लोकांनीं निवडून दिलेल्या संसदेच्या राज्यांत तो हक्क एका व्यक्तीस देतां येत नाहीं, मग ती व्यक्ति कितीहि थोर असो.

या दोन टोंकांच्या मध्यें जें थोडेंसें क्षेत्र उरतें, त्यांतच या पदाचें खरें काम आहे. १९८६ सालीं टपालांतून जाणारीं पत्रें अडवून पाहण्याचे व्यापक अधिकार सरकारास देणारें विधेयक संसदेनें संमत केलें. ग्यानी झैलसिंग यांनीं त्यावर सही केली नाहीं आणि तें परतहि पाठविलें नाहीं. नुसतें ठेवून दिलें. तें विधेयक कायदा कधींच झालें नाहीं. तुमच्या घरीं येणारें लेकीचें पत्र वाटेंत कोणी फोडावें कीं नाहीं, हा प्रश्न त्या न झालेल्या सहीवर अवलंबून होता. १९९७ च्या ऑक्टोबरांत उत्तर प्रदेशांत आणि १९९८ च्या सप्टेंबरांत बिहारांत राष्ट्रपति राजवट लावण्याची शिफारस के. आर. नारायणन् यांनीं परत पाठविली. पहिली गुजराल यांच्या मंत्रिमंडळाची होती, दुसरी वाजपेयी यांच्या. पक्ष निराळे होते, प्रश्न तोच होता. दोन्ही वेळां मंत्रिमंडळानें तेव्हांपुरती माघार घेतली. १९९९ च्या फेब्रुवारींत बिहारविषयींचा सल्ला पुन्हां आला तेव्हां तो मानला गेला, परंतु राज्यसभेंत बहुमत नसल्यामुळें ती राजवट थोड्याच दिवसांत उठवावी लागली. २००६ सालीं डॉ. अब्दुल कलाम यांनीं लाभाच्या पदांसंबंधींचें विधेयक परत पाठविलें; संसदेनें तें पुन्हां संमत केलें आणि त्यांनीं सही केली.

येथें कोणी म्हणेल कीं, शेवटीं सही झालीच ना, मग मिळविलें काय? मिळविलें तें असें कीं, पहिल्यांदा जें काम निमूटपणें उरकलें असतें तें दुसऱ्यांदा चार लोकांदेखत करावें लागलें. घरांतल्या वडीलधाऱ्या माणसाचें उदाहरण घ्या. व्यवहार मुलांच्या हातीं गेलेला असतो. तरी शेत विकण्याच्या कागदावर सही करण्यापूर्वीं म्हातारा चष्मा पुसून ‘एवढी निकड कां पडली?’ असें विचारतो. शेत विकलें जातेंच कदाचित्. पण कारण सांगावें लागतें, आणि कारण सांगतां न आल्यामुळें कांहीं शेतें वांचतात. मात्र हा प्रश्न दर वेळीं विचारला जाईलच असा भरंवसा नाहीं. ज्या कलामांनीं २००६ सालीं विधेयक परत पाठविलें, त्यांनींच २००५ च्या मे महिन्यांत मॉस्कोच्या मुक्कामीं असतांना बिहारची विधानसभा विसर्जित करण्याच्या कागदावर रातोरात संमति दिली होती. आणि तें विसर्जन सर्वोच्च न्यायालयानें घटनाबाह्य ठरविलें. पद तेंच, व्यक्ति तीच. एका वेळीं कागदास सवड मिळाली, दुसऱ्या वेळीं मिळाली नाहीं.

आमच्या जिल्ह्यास हा प्रश्न एकदां अगदीं घराजवळून भेटला. मलकापुराहून भुसावळकडे जातांना बोदवड स्टेशन लागतें. त्या तालुक्यांतील नाडगांव हें श्रीमती प्रतिभाताई पाटील यांचें जन्मस्थान. मलकापुरास लागून असलेल्या एदलाबाद, म्हणजे आजच्या मुक्ताईनगर, मतदारसंघांतून त्या अनेक वर्षें विधानसभेवर निवडून येत असत. २५ जुलै २००७ रोजीं त्या देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपति झाल्या तेव्हां या बाजूस जो आनंद झाला तो स्वाभाविकच होता. परंतु आनंदांत अपेक्षा मिसळली. खामगांव–जालना रेल्वेची मागणी आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. ‘आतां आपल्या ताई दिल्लीला बसल्या, गाडी आलीच समजा,’ हे उद्गार मीं मलकापूरच्या फलाटावर स्वतः ऐकिले आहेत. २०१२ च्या जुलैंत त्यांची मुदत संपली तेव्हां ती गाडी कागदावरच होती. आणि मग त्याच तोंडांतून निघालें, ‘काय उपयोग? रबरी शिक्का!’

दोन्ही वेळां चूक एकच होती. रेल्वेचा मार्ग कोठून न्यावा व त्यास पैसा किती द्यावा, हें मंत्रिमंडळ आणि संसद ठरवितात. राष्ट्रपतीनें तें ठरविलें असतें, तर तो आमच्या जिल्ह्याचा लाभ व घटनेचा तोटा झाला असता. अर्ज आम्हीं चुकीच्या दारीं नेला, आणि दार उघडलें नाहीं म्हणून घराला नांवें ठेविलीं. त्याच प्रतिभाताईंनीं २००६ सालीं राजस्थानच्या राज्यपाल असतांना धर्मांतरविषयक विधेयक सही न करतां परत पाठविलें होतें, याची आठवण फलाटावर कोणासच नव्हती. राष्ट्रपतीच्या कारकीर्दीचा हिशेब आणलेल्या गाड्यांनीं करतां येत नाहीं. विचारलेल्या प्रश्नांनीं करावा लागतो. अडचण एवढीच कीं, हे प्रश्न बहुधा बंद दाराआड विचारले जातात. मंत्रिमंडळानें काय सल्ला दिला याची चौकशी ७४ वें कलम न्यायालयासहि करूं देत नाहीं, तेथें मलकापूरच्या प्रवाशानें ती कशी करावी?

कांहीं सुशिक्षित मंडळी यावर अगदीं निराळा उपाय सुचवितात. त्यांस अमेरिकेसारखा बलाढ्य अध्यक्ष हवा असतो; एकदां सत्ता एका खंबीर हातीं दिली कीं धोरणांतील घोळ संपेल, असें त्यांस वाटतें. परंतु तेथील अध्यक्षाचाहि हात सर्वत्र पोंचत नाहीं. पैसा काँग्रेसच्या हातीं असतो. १९७३ सालीं युद्धाधिकारांवर बंधन घालणारा ठराव निक्सनच्या नकाराला न जुमानतां काँग्रेसनें संमत केला. रिचर्ड न्यूस्टाट या विद्वानानें १९६० सालीं आपल्या ग्रंथांत दाखवून दिलें कीं, अमेरिकन अध्यक्षाची खरी शक्ति हुकूम सोडण्यांत नसून इतरांचें मन वळविण्यांत आहे. ज्यास हुकूम करतां येतो त्याचीहि जर ही कथा, तर ज्यास फक्त विचारतां येतें त्यानें आपलें विचारणें किती जपून व किती नेमकें वापरलें पाहिजे!

आमच्या घटनेंत या बाबतींत एक उणीव आहे, ती झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. विधेयकावर किती दिवसांत निर्णय द्यावा, हें घटनेनें सांगितलें नाहीं. ग्यानी झैलसिंगांच्या हातीं तें मौन नागरिकाच्या उपयोगीं पडलें. पण तेंच मौन एखाद्या राज्याच्या विधानसभेचा निर्णय वर्षानुवर्षें कुजविण्यासहि उपयोगीं पडूं शकतें. ८ एप्रिल २०२५ रोजीं तामिळनाडूच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनीं, राज्यपालानें राष्ट्रपतीकडे पाठविलेल्या विधेयकांसाठीं तीन महिन्यांची मुदत घातली. त्यावर राष्ट्रपति द्रौपदी मुर्मू यांनीं १४३ व्या कलमान्वयें न्यायालयास प्रश्न विचारले. आणि २० नोव्हेंबर २०२५ रोजीं, आमच्या अमरावतीचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठानें, न्यायालयास अशी मुदत बांधून देतां येत नाहीं असा अभिप्राय दिला. कायद्याच्या दृष्टीनें तो बरोबर असेल. परंतु न उठविलेलें मोर्तब म्हणजे मर्यादा नव्हे. तो अपुरा राहिलेला कागद आहे. नकार द्यावयाचा तर तो कारणांसह द्यावा, आणि वेळेवर द्यावा, एवढी अपेक्षा नागरिकानें धरण्यास कोणत्याहि कलमाची आडकाठी नाहीं.

मग सारांश काय? राष्ट्राच्या धोरणाचा मजकूर लिहिणें हें राष्ट्रपतीचें काम नाहीं, आणि तो त्यानें लिहूं लागावें अशी इच्छा कोणीं करूं नये. शिक्का त्याच्या नांवाचा आहे, तोहि केवळ नांवाचाच आहे. पण मोर्तब उठविण्यापूर्वीं कागद वाचणें, आणि वाचून शंका आली तर तो एकदां परत धाडणें, हें त्याच्यावांचून दुसऱ्या कोणास करतां येत नाहीं. साखरखेर्ड्यानंतरच्या बादशहास तें जमलें नाहीं, वऱ्हाडच्या निजामास तें कोणीं करूं दिलें नाहीं. आपल्या राष्ट्रपतीस तें घटनेनें दिलेलें आहे. पुढच्या निवडणुकीच्या वेळीं ‘हा आमच्यासाठीं काय आणील?’ असें न विचारतां ‘हा काय विचारील?’ असें आपण विचारूं लागलों, तर त्या पदाची किंमत आपल्यालाहि कळूं लागेल.

त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नानंतर मीं फळ्यावर शून्य लिहिणें सोडलें आहे. तेथें आतां ‘एकदां’ असा शब्द लिहितों, आणि एकदां म्हणजे किती, हें वर्गास विचारतों.